गोळी घेतली, असं फोन म्हणाला

नवरा पलंगाच्या काठावर बसून बुडत होता. अंगावर पाण्याचा थेंब नव्हता, पण मला दुसरा शब्द येत नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे, तोंड उघडं, आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीत हुक्का गुडगुडावा तसा आवाज. ओठ जांभळे पडले होते. आडवं करायला गेले तर त्याने मला कोपराने ढकललं. तोंडाच्या कोपऱ्यात गुलाबी फेस आला. मी पदराने पुसला. परत आला.

सकाळचे आठ वाजत होते. तो नुकताच बाहेरून आला होता, चप्पलसुद्धा पायातच होती. वरच्या मजल्यावरचा तेलुगू शेजारी ऑटो आणायला पळाला. मी नवऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि पुण्याला मुलाला लावला.

"बाबाचा दम कोंडला. दवाखान्यात नेऊन राहिले."

"अरे! पण आई, पाण्याची गोळी तर घेतली हाय त्यांनी. साडेसातला. इथं दिसून राहिलं मले."

"तुले गोळी दिसून राहिली. मले बुढा दिसून राहिला," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

ही गोष्ट त्या गोळीची आहे.

नवऱ्याचं हृदय कमजोर झालं, हे आम्हाला काही वर्षांपासून माहीत होतं. डॉक्टरने त्याला समजेल असं सांगितलं होतं: पंप जुना झाला, जोर लावत नाही, मग पाणी पायात उतरतं आणि फुप्फुसात चढतं. त्यासाठी रोज सकाळी एक छोटी पांढरी गोळी. ती घेतली की लघवीला होतं आणि साठलेलं पाणी निघून जातं. घरात आम्ही तिला पाण्याची गोळी म्हणतो. तिचं खरं नाव इंग्रजीत आहे आणि मी चौथीपर्यंतच शिकले. रंग आणि आकार मला कळतो, तेवढं पुरे होतं.

आधी गोळ्या मी द्यायचे. सकाळी गोळी त्याच्या तळहातावर ठेवायचे, गिलास हातात द्यायचे, आणि गिळून झालं की म्हणायचे, "तोंड उघडा. जीभ वर करा."

"मी का चोर हाय?"

"चोर नाई. माणूस हाय तुमी."

हे रोजचं होतं. त्यात प्रेम वगैरे काही नव्हतं. दात घासावे तसं होतं.

मग उन्हाळ्याच्या सुटीत मुलगा आणि सून आले. सून मूळची नागपूरची, पुण्यात कॉम्प्युटरच्या कामावर आहे. तिने पर्समधून एक पाकीट काढलं. त्यात पांढऱ्या गोल चकत्या होत्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या, मागे डिंक लावलेल्या. म्हणाली, ह्या गोळ्यांच्या डब्यांना लावायच्या. गोळी घेतली की बाबांनी फोनची पाठ चकतीला टेकवायची. फोनमधलं ॲप बोलेल आणि पुण्याला कळेल की गोळी घेतली.

आमच्याकडे गोळ्या स्टीलच्या डब्यांत होत्या. भिलाईसारख्या स्टील प्लांटच्या गावात दुसरं काय असणार? डाळ स्टीलमध्ये, पीठ स्टीलमध्ये, कपाट स्टीलचं, पलंग लोखंडाचा. सुनेने चकती डब्याला लावली, फोन टेकवला. फोन गप्प. उलटा केला, सुलटा केला. गप्पच.

"आई, धातूवर हे चालत नाही. प्लास्टिकचे डबे लागतील."

"ह्या माणसानं सारी उमर लोखंडात काढली," मी म्हटलं, "आन आता तुमी म्हणता लोखंड चालत नाई."

नवरा हसला. तो प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. त्याला कोणतंही नवं यंत्र आवडतं, ते काय करतं हे कळायच्या आधीच आवडतं. तो स्वतः सायकल काढून मार्केटमध्ये गेला आणि प्लास्टिकचे चार डबे घेऊन आला.

मुलगा मला म्हणाला, "आई, आता तू ह्याच्यातून मोकळी. बाबा स्वतः घेतील. तू पोलिसगिरी बंद कर."

मला ते आवडलं नाही. पुण्यात बसलेल्या माणसाला भिलाईतला डबा कधी उघडला हे कशाला हवं? आज डब्याला चकती, उद्या दाराला, परवा मोरीला. मला वाटलं हे सगळं एका गोष्टीसाठी चाललं आहे. आम्ही दोघं एकटे राहू शकतो की नाही ते हे लोक मोजत आहेत. एक दिवस म्हणतील, बघा, इतक्या वेळा चुकलं, आता सेक्टर सहाचं क्वार्टर सोडा आणि पुण्याला चला. पुण्याचं त्यांचं घर अकराव्या मजल्यावर आहे. तिथे मी एकदा महिनाभर राहिले. खिडकीतून लोकांची डोकी दिसतात, तोंडं दिसत नाहीत.

मी सुनेला सरळ विचारलं. "ह्या चकतीतून आमचं बोलणं ऐकू येते का तुमाले?"

ती हसायला लागली. माझं तोंड बघून थांबली. "नाही हो आई. त्यात कान नाही, बॅटरी पण नाही. फक्त एक छोटी चिठ्ठी आहे. फोन जवळ आला की ती चिठ्ठी वाचतो."

"चिठ्ठी लिहिली कोणं?"

"मी. या, दाखवते."

तिने ॲप हिंदीत करून दिलं. हिंदी मला वाचता येतं, इथे सगळ्यांना येतं. चार शब्द होते: पढ़ें, लिखें, कॉपी करें, मिटाएँ. मी 'पढ़ें' दाबलं, फोनची पाठ डब्याला टेकवली, जरा वर-खाली सरकवली तेव्हा फोन थरथरला. पडद्यावर आलं: पाण्याची गोळी, सकाळी. बस. मी परत वाचलं. मला वाटलं खाली आणखी काही असेल. नव्हतं.

"आता पटलं?" सून म्हणाली.

"पाहू," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी पाहिलंच. नवरा आंघोळीला गेला की फोन घ्यायचा आणि घरभर फिरवायचा. गॅसच्या शेगडीला लावला, माझ्या पेटीला लावला, घड्याळाच्या मागे, आरशाच्या मागे, उशीच्या आत. कुठेच काही नाही. मग एक दिवस माझ्या पिशवीवरून फिरवला आणि फोन थरथरला. पडद्यावर काहीतरी इंग्रजी आकडे. म्हटलं, सापडलं. मी सुनेला फोन लावला आणि तिला बोलूच दिलं नाही. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, पिशवीत काय काय आहे?"

"चाब्या हाय, रुमाल हाय, एटीएमचं कार्ड हाय."

"तेच ते. कार्डात पण तशीच चिप असते. बँक लावते, मी नाही."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"बँकेच्या कार्डात काय असतं हे कोणी कोणाला सांगतं का हो आई!"

खरं होतं ते. पण त्या दिवसापासून कार्ड मी डाळीच्या स्टीलच्या डब्यात ठेवते. तिथे कोणी वाचू शकत नाही हे मला माहीत झालं होतं.

उरलेल्या चकत्यांचं पाकीट टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होतं. ते तिथे आहे हे मला माहीत होतं आणि नवऱ्यालाही.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. सकाळी तो डबा काढायचा, गोळी घ्यायचा, फोन टेकवायचा, आणि फोनमधली बाई म्हणायची, "पाण्याची गोळी घेतली." बाईचा आवाज रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखा होता, गाडी उशिरा आली तरी तिला फरक पडत नाही. आवाज आला की मी स्वयंपाकघरातून यायचे आणि तोंड बघायचे. मुलाने बंद कर म्हटलं होतं, पण मुलाचा बाप माझ्यासमोर होता, मुलगा नव्हता.

"फोन बोलला ना? पोराले समजलं ना? मग तू काऊन डोकावून राहिली?"

"फोनले दात नाई मोजता येत. उघडा."

पावसाळा संपता संपता त्याने पद्धत बदलली. सकाळी उजाडताच तो मार्केटजवळच्या चहाच्या ठेल्यावर जातो. तिथे रिटायर झालेले सात-आठ बुढे बाकावर बसतात, पत्ते खेळतात, कोणाच्या पोराने काय केलं ते बोलतात. ते बसणं म्हणजे त्याची दुसरी नोकरी आहे. तो म्हणाला, "गोळी मी खिशात घेऊन जातो. तिकडंच चहासंग घेतो."

मी डब्यातला गोळ्यांचा पत्ता बघायचे. रोज एक गोळी कमी होत होती. मग म्हटलं, घेत असेल.

पण डबा तर घरात. चकती डब्याला. फोन त्याच्या खिशात, ठेल्यावर. हे माझ्या डोक्यात आधी आलं नाही. एका रविवारी मुलाशी बोलताना आलं.

"घेतली का आज बाबानं?" मी सहज विचारलं.

"हो ना. साडेसातला."

"साडेसातला ते ठेल्यावर होते. डबा इथं होता, माझ्यासमोर. मग फोन टेकवला कशाले?"

"तुझी वेळ चुकली असंल आई."

"साडेसातले नळ येते. मी बादली लावून उभी होती. माझी वेळ चुकत नाई."

"आई, रेकॉर्ड हाय ना. मशीन झूठ काऊन बोलंल?"

मी फोन ठेवला. पण माझी झोप गेली. फोन डब्याला चिकटल्याशिवाय वाचत नाही, हे मी स्वतः करून पाहिलं होतं. एक बोट लांब धरला तरी नाही. मग ठेल्यावरून कसा वाचला?

पहिला संशय सुनेवर गेला. मला वाटलं, तिच्या नवऱ्याचा जीव शांत राहावा म्हणून तीच तिकडून बटण दाबते. मी तिला तसं म्हटलं.

ती तापली. "आई, मी ऑफिस करू, पोरीला शाळेत सोडू, की बाबांच्या खोट्या गोळ्या लिहीत बसू?"

"मले काय माहीत तुमी काय करता."

"मग विचारू नका." फोन ठेवला तिने. आठ दिवस बोलली नाही. मीही नाही.

मग संशय औषधाच्या दुकानावर. म्हटलं, गोळीच नकली असेल. दुकान बदललं. काही फरक पडला नाही.

फरक पायांत पडत होता, उलटा. संध्याकाळी मोजे काढले की घोट्याला खोल वळ. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा, कणकेत पडतो तसा. चपलेचा पट्टा बसेना. झोपताना एक उशी होती, त्या दोन झाल्या, मग पलंगाला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायला लागला. ठेल्यावरून येताना वाटेत दोनदा थांबतो असं शेजारणीने सांगितलं. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, वय झालं आई, गोळ्या तर बरोबर चालू आहेत.

आणि एक गोष्ट फक्त मलाच माहीत होती, कारण घरात मीच होते. पाण्याची गोळी घेणारा माणूस सकाळभर मोरीकडे पळतो. पूर्वी तो पळायचा. चिडायचा, शिव्या द्यायचा, अर्धा चहा ठेवून उठायचा. आता ठेल्यावरून आला की दुपारपर्यंत उठत नव्हता.

मी त्याला धरलं.

"खरं सांगा, गोळी जाते कुठं?"

"पोटात."

"पोटात जाते तर मोरीत काऊन नाई येत?"

"तू आता माझ्या मुताचा हिशेब ठेवते का वं?"

"ठेवते. दुसरं कोण ठेवते?"

"माझी हाजरी लागली. पोरगं खुश हाय. तू बी खुश राय." असं म्हणून त्याने चप्पल घातली. पट्टा न लावता, फरफटत गेला.

म्हणजे गोळी जात नव्हती. एवढं मला तेव्हाच कळलं. पण कळून उपयोग काय? फोन रोज सांगत होता घेतली, पत्त्यातली गोळी रोज कमी होत होती, मुलगा फोनवर विश्वास ठेवत होता, आणि माझ्याजवळ दाखवायला एक सुजलेला पाय होता. मी ठरवलं, सोमवारी त्याच्यामागे ठेल्यावर जायचं. शनिवारीच तो पलंगाच्या काठावर बसला.

ऑटोत त्याला मी आणि शेजाऱ्याने दोन्ही बाजूंनी धरून बसवलं. दवाखाना फार लांब नाही. त्या दिवशी लांब होता. वाटेत त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी वाकडी झाली.

दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. तोंडावर मास्क लावला, हाताला सुई लावली, एक इंजेक्शन दिलं, लघवीची नळी घातली. शर्ट कात्रीने कापला. नर्सने त्याच्या खिशातलं सामान माझ्या हातात दिलं: चष्म्याची डबी, रुमाल, सुपारी. फोन माझ्याकडे होताच.

डॉक्टर तरुण होता, हिंदी बोलणारा. त्याने विचारलं, "पानी वाली गोली रोज़ लेते हैं?"

मी म्हटलं, "नहीं लेता."

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मुलगा पडद्यावरून म्हणाला, "डॉक्टर साहब, रोज़ लेते हैं. एक दिन मिस नहीं. मेरे पास पूरा रेकॉर्ड है, आज सुबह की भी है." त्याने तारखा वाचायला सुरुवात केली.

डॉक्टर ऐकत होता. मला म्हणाला, "माताजी, आपको ध्यान नहीं होगा. रेकॉर्ड है ना." मग मुलाशी बोलला. गोळी रोज घेऊनही एवढं पाणी भरलं म्हणजे औषध हरलं. आता रायपूरला हलवावं लागेल, तिथे मोठ्या तपासण्या, कदाचित हृदयात मशीन बसवावं लागेल. वाटेत धोका आहे, पण इथे ठेवूनही धोकाच आहे. सही कोण करणार?

मुलगा म्हणाला, "करा साहेब, जे करायचं ते करा. आई, सही कर."

मी नवऱ्याकडे पाहिलं. मास्कच्या वरून तो माझ्याकडेच पाहत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. बोलता येत नव्हतं, की बोलायचं नव्हतं, ते मला सांगता येणार नाही.

"मी सही करत नाई," मी म्हटलं. "आधी हा गोळी खाते का नाई ते पाहा."

"आई, ड्रामा मत कर ना!" मुलगा ओरडला.

मी कॉल बंद केला. दोन्ही हातांत सामान, म्हणून चष्म्याची डबी स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर फोन ठेवला.

फोन थरथरला. आणि ती स्टेशनवरची बाई सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाण्याची गोळी घेतली."

नर्स थांबली. डॉक्टरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पलंगाकडे. पलंगावरच्या माणसाच्या तोंडावर मास्क होता, एका हाताला सुई होती, आणि त्याने म्हणे आत्ता गोळी घेतली.

लगेच फोन वाजला. मुलगा. "आई, दिली का बाबांना गोळी? आत्ता मेसेज आला."

मी फोन डॉक्टरच्या हातात दिला. म्हटलं, "इसको आप समझाओ."

चष्म्याची डबी प्लास्टिकची होती. मी ती उघडली. झाकणाच्या आत, चष्मा पुसायच्या फडक्याखाली, एक पांढरी गोल चकती लावलेली होती. ड्रॉवरमधल्या पाकिटातली.

डॉक्टर मुलाशी फार बोलला नाही. "अभी रुकिए," एवढंच म्हणाला. मग तो वाकून नवऱ्याला म्हणाला, "बाबूजी, कितने दिन से नहीं खाई?" नवऱ्याने डोळे मिटले. डॉक्टरने पलंगाखालची लघवीची पिशवी पाहिली. इंजेक्शननंतर ती भरत चालली होती. तो मला म्हणाला, हे इंजेक्शन म्हणजे तीच गोळी आहे, सुईतून दिलेली. काम करते आहे. औषध हरलेलं नाही, ते पोटात गेलंच नव्हतं. रायपूरचं त्याने पुढे ढकललं. म्हणाला, दुपारपर्यंत बघू.

दुपारपर्यंत नर्सने पिशवी दोनदा रिकामी केली. छातीतली गुडगुड कमी झाली. संध्याकाळी मास्क काढून नाकात नळी लावली, आणि मी स्टूल जवळ ओढलं.

"बोला."

त्याने नाकातली नळी नीट केली. मग सांगितलं. ठेल्यावर मोरी नाही. मार्केटमधली असते, पण सकाळी तिला कुलूप. गोळी घेतली की अर्ध्या तासात कळ येते आणि थांबत नाही. पावसाळ्यात एक दिवस पत्ते हातात असतानाच पायजमा ओला झाला. त्याने मांडीवर पेपर धरला आणि सगळे उठून जाईपर्यंत तसाच बसून राहिला. एक जण म्हणाला होता, चल ना, आज घर नहीं जाना क्या? हा म्हणाला, तुम चलो, मैं खबर पढ़ रहा हूँ.

"मले सांगायचं होतं."

"तुले सांगितलं असतं तर तू घरात बसवलं असतं."

"बसवलं असतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

"म्हणून तर."

गोळी तो खिशातून नेऊन ठेल्यामागच्या नालीत टाकत होता. चकतीचं मी विचारलं, की हे शिकवलं कोणी. त्याला जरा हुशारी आली. म्हणाला, शिकवायचं काय त्यात, सुनेनं तुला दाखवलं तेव्हा मी मागेच उभा होतो. 'कॉपी करें' दाबायचं, डब्याला टेकवायचं, मग नव्या चकतीला टेकवायचं. झालं.

"आन लाज नाई वाटली? पोराले रोज फसवलं."

"फसवलं काय त्यात? हाजरी लावली." आणि मग तो लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांचं बोलायला लागला. प्लांटमध्ये लागायच्या आधी तो एका ठेकेदाराकडे होता, आम्ही खुर्सीपारला एका खोलीत राहायचो. ठेकेदाराच्या गेटवर नंबरचे पितळी बिल्ले टाकून हाजरी लागायची. कोणाची बायको बाळंत झाली, कोणाचं पोर तापलं, तर सोबतचा माणूस त्याचा बिल्ला टाकायचा. एकेक जण चौघांचे टाकायचा. गेटवाल्याला बिल्ला दिसला की पुरे. काम बाकीचे वाटून घ्यायचे, कोणाची मजुरी बुडायची नाही.

"काम वाटून घेत होते ना?" मी विचारलं.

"हो."

"मग तुमची गोळी कोण खाऊन राहिलं होतं?"

त्याने तोंड भिंतीकडे केलं. नर्स आली, तिने मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरला सगळं सांगितलं, पायजम्याचंही. नवरा खुणा करत होता, गप्प राहा म्हणून. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "तो सुबह क्यों लेते हो? घर आके दोपहर को लो. बस रोज़ लो." एवढंच होतं ते. कोणी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं.

मुलगा विमानाने रायपूरपर्यंत आणि तिथून टॅक्सीने आला. बापाला काही बोलला नाही, माझ्यावरच रागावला, की हे चाललं होतं तर तू जोर देऊन का नाही सांगितलंस. मी म्हटलं, तू रेकॉर्ड वाचत होतास. जाताना तो म्हणाला, आता दुसरं एक ॲप आहे, त्यात गोळी गिळताना तोंडाचा व्हिडिओ निघतो. मी त्याला दरवाजापर्यंत पोचवायला गेले नाही.

सुनेला मीच फोन केला. म्हटलं, "तुमच्यावर माझा शक होता. तो गेला."

"मग आता कोणावर आहे?"

"बुढ्यावर. तो जाणार नाई."

ती हसली. म्हणाली, "आई, चकत्या काढून टाका. मीच चुकीच्या माणसाला शिकवलं."

चकत्या मी नखाने खरवडून काढल्या. डिंक राहिला, तो घासलेटने गेला. गोळी आता दुपारी जेवणाआधी, माझ्या हातून, तोंड उघडून, जीभ वर करून. तो रोज म्हणतो मी का चोर हाय, आणि आता मी त्याला चोर म्हणते. सकाळी तो ठेल्यावर जातो. कोरड्या पायजम्याने जातो आणि कोरड्या पायजम्याने येतो. येताना वाटेत थांबतो का हे मी शेजारणीला अजून विचारते, त्याला सांगत नाही.

डॉक्टरने नंतर एकदा सांगितलं की त्या शनिवारी आणखी तासभर उशीर झाला असता तर बोलायला काही उरलं नसतं. उशीर झाला नाही. माझा नवरा वाचला.